मिस्टर मागून येताहेत

१

या रस्त्यावर मी जन्म घालवला, पण मला समुद्राचं काही विचारू नका. समुद्र मागच्या सीटवरच्यांनी बघायचा असतो. ड्रायव्हरने बघायचं ते वळण, समोरून अंगावर येणारा ट्रक आणि मध्येच आडवी जाणारी कुत्री. मागून 'अय्या', 'बाई गं', 'थांबवा थांबवा' असा गलका झाला की समजायचं, समुद्र आला. गाडी कडेला घ्यायची, त्यांचे फोटो होईपर्यंत टायरला लाथ मारून हवा बघायची आणि पुन्हा निघायचं. लोक या रस्त्याचे फोटो भिंतीवर लावतात म्हणे. लावा बापडे.

बायकोला एकदा या रस्त्याने नेईन, असं मी लग्न ठरलं तेव्हा बोललो होतो. माणूस तेव्हा काय वाटेल ते बोलतो. पुढे सीझनमध्ये गाडीला सवड नसायची आणि सीझन संपला की मला हा रस्ता डोळ्यांसमोर नको व्हायचा. यात माझं काय चुकलं, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण हिने ते मनात धरून ठेवलं. यंदा लेकीने तिच्या घरी आईसाठी एक खोली रिकामी केली आणि हिने मला ताटात वाढता वाढता सांगून टाकलं, "मी आता तिच्याकडेच राहणार. कायमची. तुमच्याशी भांडण नाही माझं. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो."

मग लेकच मध्ये पडली. मला फोनवर म्हणाली, "बाबा, आईला सोडायला याल ते त्या किनाऱ्याच्या रस्त्याने या. सावकाश, मुक्काम करत करत. शेवटच्या मुक्कामाला तिचं तिला ठरवू दे, माझ्याकडे यायचं की परत फिरायचं." त्या शेवटच्या मुक्कामावरून एक फाटा लेकीच्या गावाला जातो आणि एक आमच्या घराकडे. मी लगेच हो म्हणालो. संध्याकाळी कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरायचं, हे मला जमणारं नव्हतं. हिला परत घेऊन यायचं, बाकी मला समुद्राशी आणि देखाव्याशी काही देणंघेणं नव्हतं.

निघताना मी सवयीने मागचं दार उघडून धरलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग आत बसली.

"चला ड्रायव्हर," म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय.

२

पहिला मुक्काम कड्यावरच्या लॉजमध्ये. पुढच्या सगळ्या खोल्या समुद्राकडे, प्रत्येकीला बाल्कनी, बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या. मागे स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून आम्हा ड्रायव्हर लोकांची खोली. तिथली खिडकी उघडली की समोर गॅसची सिलिंडरं दिसतात. प्रवासी आणणाऱ्या ड्रायव्हरने गाडी पोर्चमध्ये लावायची, बॅगा वर पोचवायच्या आणि गुपचूप मागे यायचं, ही तिथली रीत. सगळ्या रस्त्यावर हीच रीत आहे.

मॅनेजर पोर्चमध्ये उभाच होता. "काय उस्ताद, आज एकट्याच बाई? पार्टी कुठे सांडली?"

आता याला काय सांगू? बायकोला फिरवायला आणलंय म्हटलं असतं, तर हा दात काढून हसला असता आणि संध्याकाळच्या आत रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला खबर गेली असती. शिवाय मला जेवणघरात टेबलाशी बसावं लागलं असतं. जो वाढपी मला एरवी 'ए, आटप रे' म्हणतो, त्याने मला 'सर' म्हणायचं आणि मी मान डोलवायची! माझ्या अगदी जिवावर आलं. मी म्हटलं, "सध्या बाईच आहेत. मिस्टर मागून येताहेत."

तोंडातून निघून गेलं. ही तिकडे कठड्याशी उभी होती, तिला ऐकू गेलं नाही.

"येऊ द्या की," मॅनेजर म्हणाला. "दोघांची खोली तयार आहे."

बॅग वर ठेवली, हिला म्हटलं गाडी धुवून येतो, आणि गाडी धुतल्यावर पाठ टेकायला म्हणून ड्रायव्हरच्या खोलीत आडवा झालो. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या, भांडी आपटल्याचे आवाज. मला त्या आवाजात मस्त झोप लागते. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. आता बोलणी खावी लागणार, या तयारीने वर गेलो.

ही बाल्कनीत बसली होती. चेहरा बघून मी दारातच थांबलो. असा चेहरा मी लेक झाली तेव्हा बघितला होता. मधल्या तिपाईवर ट्रे होता आणि त्यात दोन रिकामे कप.

"मिळाला का स्वेटर?" तिने विचारलं.

"कसला स्वेटर?"

"अहो, आत्ता म्हणालात ना, गार वाटतंय, गाडीतून स्वेटर आणतो म्हणून?"

"अगं, मी खाली झोपलो होतो."

"झोपला होतात म्हणे!" ती हसली. "मग दुपारभर इथे माझ्याशेजारी कोण बसलं होतं? बरं वाटलं हो. एक शब्द बोलला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला गप्प बसता येतं ते फक्त राग आल्यावर."

मी ट्रेकडे बघितलं. एका कपाखालच्या बशीत चहाचा ओघळ होता. मी चहा बशीत ओतून पितो. अर्धं जग पितं, त्यात काय. ही माझी जिरवतेय, असं मी ठरवलं. दुपारभर एकटी बसवली म्हणून दोन कप मागवून नाटक करतेय. कर बाई. नाटकाला तोंड वाकडं केलं असतं तर बात तिथेच बिघडली असती, म्हणून मी स्वेटर आणायला खाली गेलो.

३

रात्री वरच झोपलो, पण लाटांच्या आवाजाने डोळ्याला डोळा लागेना. उजाडायच्या सुमाराला उठलो आणि खाली आपल्या खोलीत येऊन पडलो. सकाळी गाडी पुसत होतो तर मॅनेजर दात कोरत आला.

"आले की तुमच्या बाईंचे मिस्टर. मघाशी बाल्कनीत दिसले. तोंड समुद्राकडे होतं, पण माणूस भला वाटला. अंगापिंडाने तुमच्यासारखाच आहे बघा."

"मघाशी म्हणजे?"

"आत्ता, तुम्ही बोनट पुसत होतात तेव्हा. मी तुम्हाला हाक मारणार होतो, म्हटलं बघा, तुमच्या साहेबांना लवकर उठायची सवय आहे."

मी वर बघितलं. बाल्कनीत कुणी नव्हतं. या मॅनेजरला सकाळी सकाळी चष्मा लावायचा कंटाळा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरी बाल्कनी बघितली असेल, दुसरे पाहुणे असतील. मी त्याला उगाच दोन शब्द सुनावले आणि गाडी काढली.

वाटेत ती दुर्बीण बसवलेली जागा लागते, सगळे तिथे उतरतात. एक दगडी शेड, पुढे लोखंडी कठडा, खाली खडक. ही उतरून पुढे गेली. मी गाडीपाशी थांबलो, टायर बघायचे होते. वाकून उठलो तर ती कठड्याशी पाठमोरी उभी, हात लांब करून काहीतरी दाखवत होती. दाखवता दाखवता मान वळवून बोलत होती. तिच्या पलीकडची बाजू शेडच्या खांबाआड होती. दुसरा कुणी प्रवासी असेल म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती.

ती परत आली ती धापा टाकत, केस विस्कटलेले. "तुम्ही म्हणालात ते खरंय हो. ते जहाज अगदी मधोमध मोडलंय. मला आधी दिसतच नव्हतं."

मी तोंड उघडलं. मी कुठलं जहाज बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या दुर्बिणीला मी डोळा लावला नव्हता. पण ती माझ्याकडे इतकं चांगलं बघत होती, की माझ्याने नाही म्हणवेना.

"हो," मी म्हटलं. "मधोमध."

४

दुसऱ्या मुक्कामाला मी मनाशी पक्कं केलं, आता हिला नजरेआड करायचं नाही. तिथे एक बाई स्वतःच्या घरातल्या वरच्या खोल्या भाड्याने देते. दारातच मी तिला म्हटलं, "ताई, आज मी ड्रायव्हर म्हणून नाही आलो. ही माझी बायको आहे." म्हणताना कानशिलं तापली, पण म्हटलं.

घरमालकीण पदर तोंडाशी धरून हसली. "तुम्ही म्हणजे ना! दर खेपेला काहीतरी नवीन. अहो, यांचे मिस्टर केव्हाच वर गेलेत. ड्रायव्हर बॅगा आणतोय म्हणाले."

ही तोवर जिना चढून गेली होती. मी बॅगा टाकून धावलो. खोलीत ती एकटीच होती, खिडक्या उघडत होती. मी न्हाणीघराचं दार ढकललं. फरशी ओली होती, नळ थेंब थेंब गळत होता, साबणावर ताजा फेस होता. दांडीवरच्या टॉवेलला मी हात लावला आणि झटकन काढून घेतला. टॉवेल ओला आणि कोमट होता.

"किती लवकर आवरलंत," ही बाहेरून म्हणाली. "या, बसा इथे."

बसलो. त्यासाठीच तर आलो होतो. समोर समुद्र होता. मी बघत राहिलो. काय बघायचं असतं त्यात? पाणी येतं, जातं. खारा वारा गाडीचा पत्रा खातो. मी तसं म्हणालो. मग म्हणालो की खुर्ची टोचतेय, की त्या घरमालकिणीला अक्कल नाही, की मागच्या चाकातून बारीक आवाज येतोय. हिने डोळे मिटून घेतले.

"काल बसला होतात तसे बसा ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, विनवणी होती.

काल कसा बसलो होतो, ते मला कुठे माहीत होतं? हातांचं काय केलं होतं त्याने? कुठे बघत होता? माझा माझ्यावरच संताप झाला, आणि मला संताप आला की माझे पाय गाडीकडे वळतात. चाक बघून येतो म्हणून मी उठलो. तिने थांबवलं नाही.

अंगणात जॅक लावून बसलो. वरून तिचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. घरमालकीण असेल. मग कुणीतरी खोकलं. आधी दोनदा कोरडं, मग घसा खाकरून एकदा. पेट्रोलच्या वासाने माझा घसा गेला त्याला किती वर्षं झाली, हा खोकला मी रोज सकाळी ऐकतो. मी ओठांवर हात ठेवला. माझं तोंड बंद होतं. वर पुन्हा तेच, दोनदा आणि एकदा.

मी हळूच मागे सरकलो आणि मान वर केली. बाल्कनीच्या कठड्याच्या गजांतून हिची पावलं दिसत होती, चपला काढून एकावर एक टाकलेली. तिच्या पावलांना लागून दुसरी दोन पावलं होती, पुरुषाची. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. माझं नख जॅक निसटून गेलं होतं. मी वाकून स्वतःच्या चपलेत बघितलं, जणू काही माझा पाय तिथे असेल की नाही याची शंका होती. होता. वरच्या त्या पायाचा अंगठा लाटांच्या ठेक्यावर सावकाश हलत होता. मला लाटांचा ठेका कधी कळलाच नाही.

जिना कसा चढलो ते आठवत नाही. बाल्कनीत ही एकटीच होती, पाय तसेच कठड्याला टेकलेले.

"झालं?" तिने विचारलं. "पाणी आणायला गेलात ना, मग तांब्या कुठाय?"

खाली बघितलं तर अंगणात माझा जॅक तसाच लावलेला. दुसरं काय करणार होतो मी? पाणी आणायला गेलो.

५

शेवटच्या मुक्कामाच्या वाटेवर ही मागे बसल्या बसल्या झोपली. आरशात तिचं डोकं एका बाजूला कललेलं दिसत होतं. मी आरसा फिरवून बघितला. शेजारी मोकळी सीट होती, वर तिची शाल पडलेली. तिथला रस्ता नुसता वळणांचा. प्रत्येक वळणाला डिकीतली बॅग इकडून तिकडे सरकत होती, आरशाला लटकवलेली माळ हेलकावत होती, पण हिची मान तसूभर हलत नव्हती. काहीच नसलेल्या जागेवर डोकं टेकून ती गाढ झोपली होती. मी आरसा सरळ केला आणि मग लॉज येईपर्यंत रस्त्यावरून नजर काढली नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

डोक्यात मात्र हिशेब चालू होता. भास म्हणावं, तर तोच मॅनेजरला, घरमालकिणीला आणि हिला कसा झाला? सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंय म्हणावं, तर एवढी उठाठेव माझ्यासाठी कोण करणार? मग माझंच डोकं फिरलं असेल. असेल बुवा. पण डोकं फिरलेल्या माणसाला एवढी वळणं जमली असती का?

लॉजवर पोचलो दुपारी. मी पोर्चमध्ये गाडी लावली, कुणाशी बोललो नाही, कुणी मला काही विचारलंही नाही. बॅगा वर पोचवल्या. मागचं चाक आता खरंच कुरकुरत होतं. मी गाडीखाली शिरलो. खरं सांगायचं तर चाक बाजूला राहिलं, मला त्या बाल्कनीची धास्ती वाटत होती.

ऊन कलल्यावर वर गेलो. ही पलंगावर बसून घड्या करत होती. लेकीकडे न्यायची मोठी बॅग तिने रिकामी केली होती.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"कुठे?"

"लेकीकडे. परत येते तुमच्याबरोबर, घरी." तिचे डोळे भरले होते. "दुपारी तुम्ही बोललात, ते इतक्या वर्षांत कधी का नाही बोललात हो? एवढं तर ऐकायचं होतं मला. बाकी काय मागितलं होतं?"

मी कुठे काय बोललो होतो! दुपारभर मी गाडीखाली पडून होतो, ग्रीसने कोपरापर्यंत हात काळे झाले होते. तिने ते हात बघितले असते तर तिला कळलं असतं. मी ते पाठीमागे घेतले.

मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. आणि त्याच क्षणी त्या हरामखोराचा इतका हेवा वाटला, की माझ्या आयुष्यात मी कुणाचा केला नसेल. काय बोलला असेल तो? कुठले शब्द? 'तो मी नव्हतो' एवढंच मी म्हटलं असतं, तर बॅग पुन्हा भरली गेली असती आणि उद्या ती लेकीकडे. गप्प बसलो, तर ती घरी येणार, त्याच्यासाठी. मी गप्प बसलो.

"जा, हातपाय धुवून या," ती म्हणाली. "मी तोवर लेकीला फोन लावते. मग तुम्हीही बोला तिच्याशी."

खाली मागच्या नळावर मी हात धुतले. ग्रीस निघता निघत नव्हतं. परत वर गेलो तर दार आतून लावलेलं. आत ही फोनवर बोलत होती, हसत होती, आणि मध्येच कुणीतरी खोकलं, दोनदा आणि एकदा. दारावर मारायला उचललेला हात तसाच राहिला. माझ्याच बायकोच्या खोलीचं दार, आणि मला वाजवायचा धीर होईना!

मी जिना उतरून स्वयंपाकघरात गेलो. माझा मोबाईल वर चार्जिंगला होता, म्हणून तिथला भिंतीवरचा फोन उचलला. मला पाठ असलेला नंबर एकच, लेकीच्या घरातल्या जुन्या फोनचा. मला तिला काही सांगायचं नव्हतं. तिने एकदा 'बाबा' म्हणावं, एवढंच हवं होतं. आचारी फोडणी देत होता, मी एका कानावर हात दाबून धरला.

"हॅलो?" लेकीचा आवाज.

"बाळा, मी बोलतोय."

"कोण?"

"अगं मी. बाबा."

 मग जरा कडक आवाजात म्हणाली, "कुठे फोन लावलाय तुम्ही? माझे बाबा आत्ता माझ्याशीच बोलताहेत, मोबाईलवर."

मी तिचं लाडाचं नाव घेतलं, जे घराबाहेर कुणाला माहीत नाही. पलीकडे तिचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. मग फोन तोंडापासून लांब धरून ती दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, "बाबा, एक मिनिट हं. घरच्या फोनवर कुणीतरी माणूस आहे, तुमच्यासारखाच आवाज काढतोय. मला भीती वाटतेय."

तिच्या खोलीतल्या मोबाईलमधून, लांबून, माझा आवाज आला. किती मायेने बोलला तो! मला तिच्याशी असं कधी बोलता आलं नाही.

"घाबरू नको बाळा," तो म्हणाला. "आमचा ड्रायव्हर असेल. तू ठेवून दे, मी खाली जाऊन बघतो त्याच्याकडे."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. आचाऱ्याने गॅस बारीक केला आणि माझ्या डोक्यावर, लाकडी जिन्यावर, चपला वाजायला लागल्या.